पंचविसावा राउंड

शालननं रेषा ओलांडली, दोन पावलं पुढं गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मी घंटा खाली ठेवली आणि पँटच्या उजव्या खिशात हात घातला. खिशात एक चिंचोका उरला होता.

एकही उरायला नको होता.

"सर," शालन वाकल्यावाकल्याच म्हणाली. तिला धाप लागली होती. ट्रॅकवरची चुन्याची फक्की घामानं तिच्या पोटऱ्यांना चिकटली होती. "झाले का पंचवीस?"

तिच्यामागून सहा सेकंदांनी रेहाना मुजावर आली. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. तिनं उरलेल्या राउंडचे आकडे दाखवणाऱ्या पाटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"झाले," मी म्हणालो.

शालननं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि तिथून सटकलो. एका जागी उभं राहणं मला जमेना.

ही गोष्ट बार्शीची, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. राज्याची निवड चाचणी होती आणि महिलांची दहा हजार मीटर. चारशे मीटरच्या मैदानाचे पंचवीस राउंड. पहिली येईल तीच बंगलोरच्या शिबिराला जाणार, दुसरीनं घरी जायचं. शालन हाक्के दोन वर्षं दुसरी येत होती. जत तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती रोज पहाटे चार मैल पळत मैदानावर यायची आणि कॉलेज करून परत पळत जायची. आता तिच्या मावशीनं मिरजेला नर्सिंगचा प्रवेश बोलून ठेवला होता. निवड झाली तर पळायचं, नाही तर जूनपासून मिरज, असं घरात ठरलं होतं. शालनला सुईची भीती वाटायची. ती हसत म्हणायची, "सर, मी नर्स झाले तर पेशंट मलाच धरून बसवतील."

आणि माझं म्हणाल, तर नऊ वर्षं मी पोरं पळवत होतो आणि एकाही पोराचं नाव राज्याच्या यादीत पहिलं लागलं नव्हतं. गावात मला 'दुसरा नंबर खोत' म्हणायचे. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. घरी जाऊन मात्र मला जेवण जायचं नाही.

त्या दिवशी पंच कमी पडले. दोघांची एसटी वाटेत बंद पडली होती. मुख्य पंच कुर्लेकर मला म्हणाले, "खोत, तुम्ही चिंचोकेवाले ना? राउंड मोजायला तुम्हीच बसा. घंटाही तुमच्याकडंच ठेवा." माझी पोरगी पळते आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "इथं कुणाची पळत नाही?"

चिंचोक्यांची रीत इंगवले सरांची. कोल्हापूरला मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं पळलो. उजव्या खिशात पंचवीस चिंचोके घ्यायचे आणि पुढं असलेला गडी रेषेवरून गेला की एक डाव्या खिशात टाकायचा. उजव्यात एक उरला की घंटा. पाटीकडं बघायचं नाही, घड्याळाकडं बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. एकदा सरांनी चुकून भाजलेले चिंचोके आणले होते आणि आमच्यातल्या एकानं त्यातले दोन पळवून खाल्ले. डाव्या खिशाचा हिशोब जुळेना म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना दोन राउंड जास्त पळवलं. मी प्रशिक्षक व्हायला जतला निघालो तेव्हा सरांनी एका खादीच्या पिशवीत पंचवीस चिंचोके घालून दिले. कच्चे. "ह्ये खाऊ नगंस," एवढंच म्हणाले.

तेच इंगवले सर त्या दिवशी समोरच्या पायऱ्यांवर बसले होते. रेहाना मुजावर त्यांच्या हाताखाली पळायची. आणि त्यांच्याही खिशात चिंचोके असणार, हे मला सोडून त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं.

चूक पाटीवर झाली होती. पाटीचे आकडे तावरे नावाचे एक पीटीचे शिक्षक उलटत होते, साधे, पन्नाशीचे गृहस्थ. सतराव्या राउंडला शालन मागं पडलेल्या तीन पोरींना ओलांडत रेषेवर आली. तावऱ्यांनी तिच्यासाठी एक आकडा उलटला आणि लगेच मागून त्या तिघी आल्या तेव्हा गडबडीत आणखी एक. मागं पडलेल्यांसाठी पाटी हलवायची नसते. तिथं एक राउंड हवेत गेला.

पाच वाजून पाच मिनिटांनी लाउडस्पीकरवरून निकाल सांगितला. शालन हाक्के पहिली, सदतीस मिनिटं अठ्ठावीस सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालनची आधीची सगळ्यात चांगली वेळ एकोणचाळीस सात होती. एका दिवसात कुणी दीड मिनिट खाली येत नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना काय, ऐकायला चांगलं वाटलं.

निकालानंतर अर्धा तास हरकत घेता येते, लेखी. म्हणजे पाच पस्तीसपर्यंत. तेवढी तीस मिनिटं गेली की निकाल पक्का.

मी घड्याळात बघितलं. पाच सात. नळावर गेलो, तोंड धुतलं, परत आलो. बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. तावरे दोन कप चहा घेऊन आले. "काय वेळ लागली हो, खोत सर," ते म्हणाले. "उद्या पेपरात येणार बघा." त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मी चहा कुंपणाच्या मुळाशी ओतला.

शालन कुंपणाला पाय वर टेकवून आडवी झाली होती. मी जवळून गेलो तशी म्हणाली, "सर, मावशीला फोन करू का?"

"थांब जरा."

"कशाला थांबायचं?"

"कागद होऊ दे हातात. मग कर."

तिचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

पाच सोळा. इंगवले सर अजून पायरीवरच होते. उठत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. दोन्ही हात खिशात. ते टेबलाकडं गेले असते तर मला बरं वाटलं असतं असं आता वाटतं. तेव्हा मात्र त्यांच्या प्रत्येक हालचालीवर माझे डोळे होते. त्यांनी धोतर सावरलं तरी मला वाटायचं, उठले. शेवटी मलाच राहवेना. पायऱ्या चढून त्यांच्याकडं गेलो आणि पाया पडलो.

"बस की, म्हादबा," सर म्हणाले.

मी बसलो. खाली रेहाना एकटीच गवतावर पाय ताणत होती.

"पोरगी चांगली पळली तुझी," सर म्हणाले. "तेविसावा, चोविसावा... चांगलं पळली."

पुढचा आकडा त्यांनी घेतला नाही. माझे कान गरम झाले.

"सर, तुम्ही हरकत घेणार?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. लिहून तयार होता, खाली सही होती. "माझ्या पोरीचा घाम हाय त्यो. सोडीन व्हय? पाच चौतीसला देणार."

"मग आत्ताच का देत नाही?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

सरांनी कागद परत खिशात ठेवला. "घंटा माझ्या हातात न्हवती, म्हादबा," ते म्हणाले आणि मैदानाकडं बघायला लागले.

मी खाली उतरलो. आणि इथं माझ्या डोक्यात जे आलं ते लिहायला आजही लाज वाटते. मला वाटलं, देऊ देत कागद. कुर्लेकर बोलावणार तर मलाच बोलावणार. खोत, किती झाले, असं विचारणार. मी पंचवीस म्हणालो, तावऱ्यांची पाटीही तेच म्हणते, मग एका म्हाताऱ्याच्या खिशातल्या चिंचोक्याला कोण विचारतो. असा विचार करत मी शंभर मीटरच्या सरळ पट्टीवर येरझाऱ्या घातल्या. खिशातला तो एक चिंचोका बोटांत धरून फिरवत होतो. टाकूनही देता येईना.

पाच अठ्ठावीस. मी वळलो तर शालन कुंपणाजवळ नव्हती.

ती अनवाणीच पंचांच्या टेबलाकडं चालली होती. मला वाटलं, प्रमाणपत्राचं विचारायला चालली असेल. मग कुर्लेकरांनी टोपी काढून टेबलावर ठेवलेली दिसली, आणि त्यांनी मला हात केला. ते पन्नास मीटर मी कसे गेलो मला सांगता येणार नाही. पायऱ्यांवरून इंगवले सरही उतरून आले होते, पण थोडे लांबच थांबले.

"खोत," कुर्लेकर म्हणाले, "ही म्हणते एक राउंड कमी झाला. जिंकलेली पोरगी स्वतः येऊन सांगते आहे. मी तीस वर्षं पंच आहे, असं कधी बघितलं नाही. तुमचं काय म्हणणं?"

शालन माझ्याकडं बघत नव्हती. टेबलावरच्या कागदांकडं बघत होती. "मी मोजलेत," ती म्हणाली. "आधी वाटलं, माझंच चुकलं. सर म्हणाले झाले, म्हणजे झाले असणार. पर चार वेळा मोजले. चोवीसच होत्यात."

मी खिशातून चिंचोका काढून टेबलावर ठेवला.

"एक उरला आहे," मी म्हणालो.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ता. शर्यत संपल्यावर."

शालननं तेव्हा माझ्याकडं बघितलं. इंगवले सरांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि मुठीत धरले. कुर्लेकरांनी दोघा-तिघांशी सल्लामसलत केली आणि निकाल रद्द करून उद्या सकाळी साडेसहाला शर्यत पुन्हा घ्यायचं ठरवलं. चूक पाटीची, असं कागदावर लिहिलं गेलं. टेबलावरचा चिंचोका मी उचलून घेतला. तावरे बिचारे रडकुंडीला आले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं कधीकधी" असं म्हणालो. त्या दिवसातली सगळ्यात हलकट गोष्ट कदाचित तीच असेल.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. सुरुवातीला मी लिहिलं की शालननं रेषा ओलांडल्यावर खिशात हात घातला आणि एक चिंचोका उरला होता. ते खरंच आहे. पण त्याआधीही एकदा मी हात घातला होता. तेविसाव्या राउंडला शालन रेषेवर आली होती, पाटीवर एकचा आकडा होता, घंटेची दोरी माझ्या डाव्या हातात होती आणि उजव्या हाताच्या बोटांना दोन चिंचोके लागले होते. दोन. मला पक्कं माहीत होतं. मी समोर बघितलं. पंधरा सेकंदांनी मागं असलेली रेहाना आठ सेकंदांवर आली होती. शालनचे खांदे सैल पडले होते, हात खाली आले होते. मला वाटलं, गेली. आणखी दोन राउंड ही टिकत नाही, पुन्हा दुसरी येणार, पुन्हा मिरज. आणि मी घंटा वाजवली. घंटा ऐकून शालननं वळून माझ्याकडं बघितलं. त्या राउंडभर प्रत्येक वळणावर तिची मान माझ्याकडं वळत होती. मला वाटलं, दमल्यामुळं मान लटपटते आहे.

दुसऱ्या दिवशी मी पंच नव्हतो. कुंपणाबाहेर उभा राहिलो. गार वारा होता. सगळ्या पोरींचे पाय आदल्या दिवशीच्या पळण्यानं जड झाले होते, वेळ वाईट येणार हे दिसतच होतं. शालन पाचव्या राउंडलाच पुढं गेली आणि रेहाना तिच्या मागं चिकटून राहिली. पंधराव्याला शालननं अंतर वाढवलं. मी मनात मोजत होतो. खिशात हात घालवत नव्हता.

तेविसाव्याला पुन्हा तेच झालं. शालनचे खांदे सैल पडले, हात खाली आले, रेहाना जवळ यायला लागली. मी कुंपणावर चढलो आणि ओरडायला तोंड उघडलं.

"वरडू नगंस," मागून इंगवले सर म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नव्हतं. "राखून ठेवलंय तिनं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू असाच पळायचास की. तेविसावा सैल सोडायचा, चोविसाव्यात दम गोळा करायचा, पंचविसाव्यात सगळं द्यायचं. कुणी शिकवलं तिला?"

मीच शिकवलं होतं. तीन वर्षं, रोज सकाळी, मैदानाच्या कडेला उभं राहून. 'तेविसावा सैल, शालन, तेविसावा सैल,' असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

चोविसावा संपला आणि घंटा झाली. शालननं मान वळवली नाही. पहिल्या वळणावरच तिचं पाऊल लांब पडायला लागलं, पाठीमागच्या सरळ पट्टीवर ती एकटीच होती, आणि शेवटच्या वळणावर रेहाना पन्नास मीटर मागं राहिली होती. कुणीतरी शिट्टी मारली. इंगवले सर माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होते. त्यांची पोरगी हरत होती आणि ते टाळ्या वाजवत होते.

शालननं रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. या वेळी तिनं कुणालाच काही विचारलं नाही. रेहाना आली तशी दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. रेहाना तिला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

दुपारी आम्ही बार्शीच्या एसटी स्टँडवर सांगोल्याच्या गाडीची वाट बघत होतो. शालनच्या मांडीवर प्रमाणपत्राची गुंडाळी होती. तिनं मावशीला फोन केला होता. मावशी रडली, असं ती म्हणाली. मी केळी आणली. तिनं एक घेतलं आणि सोलता सोलता म्हणाली,

"सर, तुम्हाला कधी कळलं?"

"काल सांगितलं ना."

"ते टेबलावर सांगितलं. मला सांगा."

समोर एक गाडी मागं घेत होते, कंडक्टर पत्रा बडवत होता. मी ती गाडी फलाटाला लागेपर्यंत थांबलो.

"घंटेच्या आधी," मी म्हणालो.

शालननं मान हलवली. तिला धक्का बसला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

"वीस मिनिटं वाट बघितली मी तुमची," ती म्हणाली. "तुम्ही इंगवले सरांकडं बघत हुता. मी तुमच्याकडं बघत हुते. म्हटलं, आत्ता उठतील, आत्ता जातील. मग मीच गेले."

"शालन, तुझी निवड व्हावी म्हणून..."

"व्हय. ते कळतंय मला." तिनं केळं तसंच हातात धरलं होतं. "पर घंटा वाजली तवा मी राखून ठेवलं हुतं सगळं. तुम्हीच सांगितलेलं. मला वाटलं, सरांचं काय चुकलं का, म्हणून सारखी बघत हुते तुमच्याकडं." ती माझ्याकडं वळली. "म्हंजे तुम्हाला वाटलं, माझ्यात पंचविसावा न्हाई."

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताखालची पोरगी राज्यात पहिली आली होती, आणि तिच्यात तो राउंड आहे हे मैदानावर फक्त मलाच ठाऊक असायला हवं होतं. मला तेवढंच ठाऊक नव्हतं. सांगोल्याची गाडी आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली, निदान डोळे तरी मिटले.

शिबिराहून ती मे महिन्यात परत आली. एके सकाळी मैदानावर आली, पण पळायच्या कपड्यांत नव्हती. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "सर, कोल्हापूरला जावं म्हनते. इंगवले सरांकडं. रेहानाच्या घरी राहायची सोय हुतीया. तुम्ही न्हाई म्हणालात तर न्हाई जाणार."

मी नाही म्हणणार नाही हे तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं, हा तिचा चांगुलपणा.

मी झोळीतून ती खादीची पिशवी काढली. "हे इंगवले सरांचेच आहेत," मी म्हणालो. "आता तुझ्याकडं असू देत. पंचवीस आहेत."

शालननं पिशवी घेतली. तिथंच मातीत उकिडवी बसली, चिंचोके ओंजळीत ओतले आणि माझ्यासमोर एकेक करून परत पिशवीत टाकत मोजले. पंचवीस भरले तशी तिनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.